मुलीनं मालिशचे पैसे भरलेत, पण पाऊल उचलत नाही

वाचक लिहितात: मी ६७ वर्षांची. जुळे सोलापूरला राहते. शाळेचे युनिफॉर्म शिवायच्या कामावर होते, शिवाय घरी ब्लाउज शिवायची. मशीनवर वाकून वाकून खांदे आणि कंबर धरलेली असते. शुगरची आणि बीपीची गोळी चालू आहे. मिस्टर जाऊन आठ वर्षं झाली. मुलगी पुण्याला असते. दिवाळीला आली तेव्हा मला उठता-बसताना बघून तिनं इथल्या एका केंद्रात माझ्या नावानं पाच वेळच्या मालिशचे पैसे भरून टाकले. बाईच मालिश करते म्हणाली. मी हो म्हटलं, पण दोन महिने झाले तरी गेले नाही. तिचा फोन आला की पाणी आलं नव्हतं, पाहुणे होते, असं काहीतरी सांगते. खरं म्हणजे लाज वाटते. या वयात परक्या बाईपुढं कपडे काढून झोपायचं? पोट सुटलेलं, सिझरचा व्रण, पायाच्या शिरा वर आलेल्या. शिवाय हे सगळे चोचले वाटतात. शेजारणीला कळलं तर म्हणेल, म्हातारपणी काय सुचलं. बाळंतपणानंतर माझ्या अंगाला कुणी तेल लावलेलं नाही. तिथं रडूबिडू आलं तर? जाऊ, की पैसे परत मिळतात का विचारू?

ताई,

पैसे परत मागू नका. निदान अजून नको. आणि उद्याच रिक्षा करून जायलाही हवं असं नाही. आधी काय काय होतं ते नीट समजून घ्या, मग ठरवा.

लाजेबद्दल तुम्ही बरंच लिहिलंत, शेजारणीबद्दलही लिहिलंत. मी थांबले ती तुमच्या शेवटच्या ओळींशी. बाळंतपणानंतर अंगाला कुणी तेल लावलेलं नाही. मुलगी पुण्यात कमावती आहे, म्हणजे या गोष्टीला पस्तीस-चाळीस वर्षं सहज झाली असतील.

तेवढ्या वर्षांत तुमचे हात काय करत होते, ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण घराघरांतलं मला माहीत आहे. मुलीला पायांवर आडवं घेऊन तेल चोळलं असेल. नरक चतुर्दशीला अंधारात उठून एकेकाला पाटावर बसवून तेल-उटणं लावलं असेल, आणि स्वतःची आंघोळ सगळ्यांत शेवटी, दोन तांब्यांत उरकली असेल, कारण फराळाची ताटं मांडायची होती. पाडव्याला मिस्टरांना पुन्हा तेल. सासूबाईंचे गुडघे दुखले की रात्री तेलाची वाटी घेऊन बसायचं तेही तुम्हीच. आपल्याकडे तेल लावायचं बाईनं आणि लावून घ्यायचं बाकीच्यांनी, असंच चालत आलंय. बाईच्या वाट्याला हक्काची मालिश येते ती एकदाच, बाळंतपणात. सव्वा महिना मालिशवाली मावशी येते, शेक-शेगडी होते, सगळं घर तिच्या पाठीची चौकशी करतं, कारण त्या अंगावर बाळ वाढायचं असतं. बाळ सुटं झालं की चौकशी संपते. आता तुमच्या पाठीला तेल लावून घ्यायचंय ते फक्त तुमच्या पाठीसाठी. दुसऱ्या कुणाचं निमित्त नाही, म्हणून ते तुम्हाला चोचले वाटतंय, असं मला वाटतं.

आणि तेलाला चोचले म्हणावं असं आपलं गाव तरी आहे का? १३ जानेवारीला गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या ग्रामदैवताच्या यात्रेत नंदीध्वज निघतात आणि सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो. हे यण्णीमज्जन, म्हणजे तेलाचं स्नान, आधी; सिद्धरामेश्वरांच्या लग्नाचा अक्षता सोहळा त्याच्या दुसऱ्या दिवशी. लग्नाआधी तेल, असा तो क्रम तुम्ही लहानपणापासून बघितला असेल. पाषाणाच्या लिंगाला एवढ्या मायेनं तेल लावणाऱ्या गावात आयुष्यभर मशीनवर वाकलेल्या पाठीला ते मिळू नये, हे मला पटत नाही. 'या वयात' म्हणाल, तर आयुर्वेदाच्या दिनचर्येत अंगाला तेल लावणं रोजचं सांगितलंय आणि त्याचे गुण सांगताना पहिलं नाव घेतलंय ते म्हातारपणाचं. मग थकव्याचं आणि वाताचं. तेव्हा वय आड येत नाही, वयासाठीच ते आहे.

आता लाजेचं. लाज खरी आहे, तिला दटावून काही होत नाही. मला वाटतं, तुमच्या डोळ्यांपुढं जे चित्र आहे ते प्रत्यक्षापेक्षा फार भीतीदायक आहे.

बऱ्या केंद्रात आधी वैद्य आजार विचारतात, बीपी बघतात. मग खोलीत तुम्ही आणि मालिश करणारी बाई, दोघीच. तुम्ही कपडे बदलताना तिनं बाहेर थांबायचं, आत येताना दार वाजवायचं. तसं झालं नाही तर सांगायचं. काय काढायचं आणि काय ठेवायचं हे तुम्ही ठरवणार. नदीवर, आडावर बायका छातीवर परकर बांधून आंघोळी करत आल्या, तसाच परकर बांधून जा. काही ठिकाणी कागदी लंगोट हातात देतात. तो नको असेल तर नको म्हणा आणि घरचाच जुना परकर ठेवा, तेल लागलं तरी वाईट वाटणार नाही असा. पालथं झोपल्यावर वर चादर असते आणि ज्या भागाला हात लावायचा तेवढाच भाग उघडा होतो. पोट आणि छाती चोळलीच पाहिजे असा काही नियम नाही. 'पोट नको' एवढं म्हटलं की झालं. तुमचे खांदे आणि कंबर दुखतेय, म्हणजे सिझरचा व्रण तिला दिसायचंही कारण नाही. पालथं झोपवत नसेल तर स्टुलावर बसून, समोरच्या टेबलावर उशी ठेवून, तिच्यावर डोकं टेकून पाठ चोळून घेता येते. उलट पहिल्यांदा तसंच करा. ती लाकडी टेबलं उंच असतात, चढायला हलणारा स्टूल देत असतील तर चढू नका.

ती बाई काय बघेल, हा तुमचा प्रश्न. ताई, तुम्ही घरी ब्लाउज शिवायचात. बायका मापाला उभ्या राहिल्या तेव्हा तुम्ही त्यांच्या दंडांकडे कशा बघत होतात? कुणाचा दंड ओघळलेला, कुणाची पाठ रुंद, कुणाचा एक खांदा खाली. तुम्ही बघितलंत ते टेप कुठं धरायची आणि टक कुठं घालायची. रात्री झोपताना त्यातलं एक तरी अंग आठवून तुम्ही हसलात का? ती बाईही तेच करते. तिच्या टेबलावर रोज टाक्यांचे व्रण येतात, सुटलेली पोटं येतात, वर आलेल्या शिरा येतात. तिचा हात गाठ कुठं आहे ते शोधत असतो.

रडू आलं तर येऊ द्या. याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण कुणी सांगत नाही. आपल्या दंडांच्या, पाठीच्या त्वचेत अशा बारीक चेता असतात, की त्या हळू फिरणाऱ्या, अंगाइतक्याच उबदार हाताला सर्वांत जास्त जाग्या होतात. हात सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर इतक्या सावकाश फिरला तर. आणि तो निरोप मेंदूत जातो तो भावनांशी जोडलेल्या भागाकडं. नवरा गेल्यावर बाईच्या अंगाला हात लागतो तो बहुतेक नातवंडांचा, आणि नातवंडं जवळ नसली तर तोही नाही. दवाखान्यात बीपीचा पट्टा बांधतात तेवढाच. इतक्या वर्षांनी कुणीतरी पाठीवरून सावकाश हात फिरवला आणि डोळ्यांत पाणी आलं, तर त्यात चुकलं काय? मालिश करणाऱ्या बायकांना हे नवीन नसतं. सुरुवातीलाच सांगून ठेवा, 'मला रडू आलं तर घाबरू नका, हात तसाच चालू ठेवा' किंवा 'थोडं थांबा', जे तुम्हाला बरं वाटेल ते. एक टॉवेल स्वतःचा जवळ ठेवा.

लाजेच्या मागं आणखी एक कारण असू शकतं, तुम्ही लिहिलेलं नाही म्हणून मी धरून चालत नाही. कधीकाळी नको असलेला हात अंगाला लागलेला असतो आणि शरीर ते विसरत नाही. तसं काही असेल तर ही मालिश तुमच्यासाठी आत्ता नाही, आणि कुणालाही कारण न सांगता तुम्ही नाही म्हणू शकता. पैसे गेले तर गेले.

तब्येतीचं मात्र मी आग्रहानं सांगणार आहे, कारण इथं संकोचापेक्षा मोठी गोष्ट आहे.

पायाच्या शिरा वर आलेल्या आहेत, तर पायांना जोर लावून मालिश नको. सुरुवातीला पाय वगळाच. आणि कधीही एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखायला लागली, तर तिला तेल लावत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आत रक्ताची गुठळी असली तर चोळण्यानं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर मालिश करणारीला आधी सांगा, नाहीतर हलक्या दाबानंही काळेनिळे डाग पडतात. शुगर जुनी असेल तर तळपायांना गरम-गार कळेनासं झालेलं असू शकतं. गरम पोटलीनं, शेकाच्या पिशवीनं पाय भाजतो आणि बाईला पत्ताच लागत नाही. म्हणून तेल किती गरम आहे ते मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, पायांना शेक नकोच. तेल लावल्यावर वाफेच्या पेटीत बसवतात, ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, बीपीच्या माणसाला तिथं चक्कर येऊ शकते. शुगरची गोळी घेऊन उपाशीपोटी जायचं नाही, भरल्या पोटीही नाही. हलका नाश्ता करून दीड-दोन तासांनी जा. झाल्यावर एकदम उठू नका, टेबलाच्या कडेला पाच मिनिटं बसा.

पाळी गेल्यानंतर बाईची हाडं ठिसूळ होत जातात, म्हणून दणके देणारी, पाठीवर गुडघा रोवणारी मालिश तुमच्यासाठी नाही. 'जोर लावला की बरं वाटतं' असं कुणी म्हटलं तरी नाही. आणि मान. मान कटकन मोडून घ्यायची नाही, कितीही सवयीचा हात असला तरी. मानेतून मेंदूकडं जाणाऱ्या रक्तवाहिनीला त्या झटक्यानं चीर पडू शकते, त्यातून पक्षाघात होऊ शकतो. हे क्वचित घडतं, पण घडतं.

तेवढंच महत्त्वाचं: हात वर करून वेणी घालता येते का? मागं नेऊन हुक लावता येतो का? येत नसेल तर ते नुसतं आखडणं नसून सांधा धरलेला असू शकतो. शुगर असलेल्यांना हा त्रास जास्त होतो. त्याला आधी हाडांचे डॉक्टर आणि फिजिओथेरपी, तेल नंतर. आणि डाव्या हाताचं, खांद्याचं दुखणं घाम येऊन, छातीत जड वाटून आलं तर त्याला खांद्याचं दुखणं समजू नका, थेट दवाखान्यात जा.

मालिशनं काय मिळेल, तेही स्वच्छ सांगते, म्हणजे पाचव्या वेळेनंतर मनाचा हिरमोड नको. अमेरिकेत गुडघ्यांच्या संधिवातावर झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. २२२ जणांचा. आठवड्याला एक अशी मालिश घेतलेल्यांचं दुखणं आणि आखडणं आठ आठवड्यांनी इतरांपेक्षा कमी झालं होतं. वर्ष पूर्ण होईपर्यंत मात्र तो फरक उरला नाही. ते गुडघ्यांचं आहे, तुमचं खांद्यांचं, पण अंदाज येतो. दुखणं काही दिवस हलकं होईल, झोप बरी लागेल. झिजलेलं परत येणार नाही. हलकं झालेल्या त्या दिवसांत खांदे फिरवायचे, भिंतीवर बोटांनी चढत हात वर न्यायचा, संध्याकाळी चालायला जायचं. त्यानं पुढचं टिकतं.

सुरुवात घरातून करा. काशाची वाटी असेल ना घरात? रात्री तळपायाला थोडं तूप लावून वाटीनं सावकाश घासा. पायाला जखम, भेग नसेल तर. तेल डोक्याला लावा, कानामागं लावा, दंडाला लावा. तिळाचं, करडईचं, लाकडी घाण्यावरचं, जे घरात असेल ते. मोठ्या नावाच्या बाटलीची गरज नाही. फक्त या वेळी ते लावताना दुसरं काही करू नका. टीव्ही नको, डाळ निवडणं नको. आठवडाभर हे केलंत की अंगाला हात लागणं इतकं परकं वाटणार नाही.

मग एक दिवस केंद्रात नुसतं बघायला जा. मालिश नको त्या दिवशी. खोली बघा, दाराला आतून कडी आहे का बघा, जी बाई तेल लावणार आहे तिच्याशी दोन शब्द बोला, कुठं शिकली ते विचारा. तुमच्या गोळ्यांबद्दल तिथं कुणी विचारलंच नाही, तर ते केंद्र मला आवडणार नाही. मनात शंका राहिली तर आपल्या शेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालयाच्या रुग्णालयात एकदा वैद्यांना दाखवा आणि त्यांना विचारा, माझ्या प्रकृतीला हे चालेल का.

पहिल्या दिवशी फक्त खांदे आणि पाठीचा वरचा भाग, बसून, अर्धा तास. दुसऱ्या वेळी कंबर. पुढचं पुढं. मध्येच नको वाटलं तर 'पुरे' म्हणायचं आणि उठायचं. ब्लाउजसाठी बायकांचं माप तुम्ही घेतलंत तेव्हा चिमटा बसला की त्या बोलल्याच असतील ना? तुम्हीही बोला. 'हळू', 'इथं नको', 'तेल जास्त गरम आहे.' आपल्या पिढीच्या बायका सोसून घेतात आणि घरी येऊन म्हणतात, फार दुखलं बाई. तसं करू नका.

हे सगळं गड्डा आटोपला की लगेच करा. मार्च उजाडला की आपल्याकडचं ऊन बघता अंगावर तेल ठेववत नाही. नळाला पाणी येण्याचा दिवस बघून घ्या, म्हणजे घरी येऊन कोमट पाण्यानं सावकाश आंघोळ करता येईल. पाणी नसेल तर गरम पाण्यात पिळलेल्या टॉवेलनं पुसलं तरी चालतं. आणि टेबलावरून उतरायच्या आधी तळपाय कोरडे पुसून घ्या, घरी न्हाणीघरातही. तेलकट पाय आणि शहाबादी फरशी यांनी आपल्या वयाच्या किती बायकांची खुब्याची हाडं मोडली आहेत, ते तुम्हीही बघितलं असेल.

शेजारणीला 'खांदा दुखतो, तेल लावून घेते' एवढं सांगा. खरंही आहे.

मुलीला मात्र पूर्ण खरं सांगा. ती दर फोनला विचारतेय आणि तुम्ही पाण्यावर ढकलताय. तिला वाटत असेल, आईला माझी भेट आवडली नाही. म्हणा, 'मला लाज वाटतेय गं, सगळं अंग नको, खांदे आणि पाठ तेवढं करून घेते. पहिल्या वेळी तू असलीस तर बरं.' एखाद्या शनिवारी ती येऊ शकेल. खोलीत नाही, बाहेर बाकावर बसली तरी पुरे.

आणि एक. दोन वेळा झाल्या की मनात येईल, उरलेल्या तीन वहिनीला देऊन टाकू, नाहीतर नणंदेला. देऊ नका. पाचही तुमच्या आहेत. अशा आगाऊ भरलेल्या पैशांना काही ठिकाणी मुदत असते, आणि तुमचे दोन महिने गेलेत. केंद्रात आजच फोन करून विचारा, मुदत किती आहे आणि वाढवून मिळेल का.